महेश्वरी साडी घ्यायची असेल तर आधी माग बघा, मग पैसे काढा

इंदूरहून ९० किमीच्या आसपास आहे महेश्वर, आम्ही सकाळी निघून साडेदहाला पोचलो आणि मी थेट किल्ल्याखालच्या गल्लीतल्या एका विणकर काकांकडे गेले, कारण मागच्या वर्षी माझ्या जाऊबाई फसल्या होत्या. त्यांनी गाडी लावतात तिथल्याच एका दुकानातून हातमागाची म्हणून साडी घेतली, घरी येऊन काठ उलटून बघितला तर मागे नुसते कापलेले धागे लोंबत होते, म्हणजे यंत्रमागाचीच निघाली. फार वाईट वाटलं त्यांना. म्हणून मी ठरवलेलं, घ्यायची ती विणणाऱ्याच्या हातूनच.

दुकान असं नाहीच, घरच आहे, पुढच्या खोलीत २ माग आणि मागे लाकडी कपाट. काकांनी साड्या काढायच्या आधी विचारलं, घाटावर जाऊन आलात का? नाही म्हटलं तर म्हणाले आधी जाऊन या, भिंती नीट बघा, साडी कुठे पळत नाही. गेलो. आणि खरंच, किल्ल्याच्या दगडावर जी नक्षी आहे तीच काठात आहे हो! रुईफूल, चटाई, विटांच्या ओळी आणि लहरिया म्हणजे समोरची नर्मदा. परत येऊन काठ हातात घेतला तेव्हा तो आधीपेक्षा वेगळाच दिसायला लागला.

आपल्या चौंडीची लेक या गावाची राणी झाली हे शाळेत वाचलेलं असतं, पण १७६७ मध्ये कारभार हातात घेतल्यावर अहिल्याबाईंनी राजधानी इथे आणली आणि सुरतेकडून वगैरे विणकर आणून वसवले, दरबारी पाहुण्यांना भेट द्यायला इथलंच कापड असायचं, असं इथे घरोघरी सांगतात. १७९५ ला त्या गेल्या, पुढे राजधानी इंदूरला गेली आणि मागांचे दिवस फिरले. १९७० च्या दशकाच्या शेवटी होळकर घराण्यातल्याच रिचर्ड आणि त्यांच्या पत्नी सॅली यांनी रेवा सोसायटी ही विणकरांची संस्था काढली (रेवा म्हणजे नर्मदाच) आणि त्यात बायकांना मागावर बसवलं, त्यानंतर गावातल्या विणकामाला परत जीव आला. काकांच्या घरात पण सूनबाईच जास्त वेळ मागावर असतात, मी तासभर त्यांच्या शेजारी बसले होते, धोट्याचा (आडवा धागा नेणारा तो लाकडी तुकडा) तो टकटक आवाज अजून कानात आहे.

आता साडीबद्दल. उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा, म्हणून अंगावर एकदम हलकी आणि तरी चमक आहे, मे महिन्यातल्या लग्नाला बिनधास्त नेसा. अंगात बारीक चौकडी आणि पदराला आडवे पट्टे. बुगडी काठ दोन्ही बाजूंनी सारखा, उलटी-सुलटी कशीही नेसता येते. काकांनी हातमागाची अजून एक खूण दाखवली, विणताना कापड ताणून धरायला सुया लावतात त्यांची बारीक भोकं काठाच्या कडेला दिसतात, ती शोधा. साध्या साडीला ३-४ दिवस जातात म्हणाले, काठ भरलेला असेल तर जास्त. मी वांगी रंगाची ४२०० ला घेतली आणि घासाघीस केली नाही, तासभर त्या बाईचे हात बघितल्यावर करवलंच नाही.

कमी काय आहे तर रंग फार नाहीत, जे मागावरून उतरलंय तेवढंच मिळतं, मला मोरपंखी हवी होती ती नव्हती. ब्लाउजपीस वेगळा घ्यावा लागला. कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं. गल्लीत गाडी जात नाही, आईसारखे गुडघे दुखणारे असतील तर हळूहळू चालत न्या, वर राजवाड्याला पायऱ्या आहेतच. पण राजवाडा चुकवू नका, अहिल्याबाईंची ती साधी गादी बघून आई कितीतरी वेळ हात जोडून उभी होती.

पाचपैकी साडेचार देईन, अर्धा त्या मोरपंखीसाठी कापला. जुन्या महेश्वरी नऊवारीच असायच्या, आता बहुतेक सहावारीच दिसतात, पण काका ऑर्डरवर नऊवारी विणून देतात. आईसाठी सांगून आलेय, अर्धे पैसे आधी दिलेत, २ महिने लागतील म्हणाले.