झोन बदलाविरुद्ध हरकत लिहून देणारी सेवा घेतली, त्याचा अनुभव (५ पैकी साडेतीन स्टार)

नाव विचारू नका, सांगणार नाही. चांगलं पण लिहायचंय आणि वाईट पण, आणि एकदा नाव घेतलं की लोक वाईट तेवढंच वाचतात.

झालं असं की आमच्याकडे सगळी बैठी घरं, फार तर वर एक मजला. एक दिवस कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला लॅमिनेट केलेला कागद लटकलेला दिसला, अक्षरं इतकी बारीक की फोटो काढून झूम करून वाचायला लागला. आमच्या पट्ट्याचा झोन बदलायचा प्रस्ताव, म्हणजे एका प्लॉटवर एक घर होतं तिथे आता सहा मजली इमारत चालणार, आणि हरकत द्यायला तीस दिवस, त्यातले नऊ आम्हाला पत्ता लागेपर्यंतच गेलेले. ग्रुपवर जे काय पेटलं ते विचारू नका. एक जण म्हणे मोर्चा काढू, एक म्हणे कोर्टात जाऊ, एकाने रात्री दीड वाजता चौदा मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकला जो आजपर्यंत कुणी पूर्ण ऐकलेला नाही.

मग कुणीतरी या सेवेची लिंक टाकली. वेबसाईटवर मोठ्ठा थांबलेल्या क्रेनचा फोटो आणि खाली 'रीझोनिंगची चिंता आमच्यावर सोडा'. एक स्टार मी तिथेच कापतोय, का ते पुढे कळेल. चौदा घरांनी वर्गणी काढली आणि त्यांनी एक प्लॅनर (शहर नियोजनातल्या) मॅडम पाठवल्या.

मॅडमचं काम काय होतं ते नीट सांगतो, कारण अशी काही सेवा असते हेच मला माहीत नव्हतं. प्रस्तावाची फाईल दोनशेच्या वर पानांची, स्कॅन केलेली, त्यातली अर्धी पानं उलटी. आम्ही चौदा घरांत मिळून त्यातली पहिली सहा पानं वाचली होती. मॅडमनी सगळी वाचली, रंगीत चिकटपट्ट्या लावून आणली, आणि पहिल्या मीटिंगला आमच्याकडून सगळ्या तक्रारी मागून घेतल्या. एकतीस तक्रारी निघाल्या. मग त्यांनी लाल पेन काढलं आणि एकेक खोडायला सुरुवात केली, तिथे खोलीतली हवाच बदलली.

पहिली खोडली ती 'आमच्या घरांच्या किमती पडतील'. त्या म्हणाल्या हे लिहूच नका, जिथे जास्त बांधायची परवानगी मिळते तिथे जमिनीचा भाव बहुतेक वेळा चढतो, आणि न्यूझीलंडच्या ऑकलंडचं उदाहरण दिलं. तिथे २०१६ मध्ये निवासी जमिनीपैकी साधारण तीन चतुर्थांश भागावर एका फटक्यात जास्त घनतेची परवानगी दिली, पुढच्या पाच-सहा वर्षांत नव्या घरांच्या परवानग्या जवळपास दुप्पट झाल्या, आणि ज्यांची जुनी छोटी घरं मोठ्या प्लॉटवर होती त्यांच्या जागेला उलट मागणी आली. हे ऐकल्यावर दोन जण एकदम गप्प झाले, मला वाटतं मनातल्या मनात हिशोब चालू झाला असणार.

दुसरी खोडली ती जरा नाजूक. 'कसले कसले लोक राहायला येतील' असं आमच्यातल्या एका काकांनी लिहून दिलं होतं. मॅडम म्हणाल्या, हे वाचलं की ऐकणाऱ्यांचा तुमच्या बाकीच्या मुद्द्यांवरचा पण विश्वास उडतो, आणि त्यांनी १९२६ चा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा युक्लिड गावाचा निकाल सांगितला, ज्याने झोनिंगला, म्हणजे कुठल्या भागात काय बांधायचं ते ठरवून देण्याला, कायदेशीर ठरवलं. त्या निकालात अपार्टमेंटच्या इमारतीला चक्क परजीवी म्हटलंय, जी घरांच्या वस्तीत घुसून मोकळ्या जागेचा फायदा उपटते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीपासून हीच भाषा चालू आहे आणि सुनावणीला बसणाऱ्या लोकांना ती पाठ झालीय. काका उठले आणि गेले, ग्रुपमधून पण लेफ्ट. मी मात्र मान खाली घालून बसलो होतो, कारण ही जागा घ्यायच्या आधी मी अकरा वर्षं भाड्यानेच राहिलोय, अशाच एका इमारतीत, तेव्हा 'कसले कसले लोक' म्हणजे मीच की.

एकतीसमधल्या सात उरल्या. मला वाटलं पैसे पाण्यात गेले. पण या सातांवर त्यांनी जे काम केलं ना, त्याला मात्र सलाम.

ट्रॅफिकचा रिपोर्ट घ्या. बिल्डरच्या रिपोर्टमध्ये आकड्यांची चळत, आलेख, सगळं चकाचक, निष्कर्ष काय तर रस्त्यावर 'नगण्य परिणाम'. आम्ही म्हणत होतो हे खोटं आहे. मॅडम म्हणाल्या खोटं नाहीये, तारीख बघा. गाड्या मोजल्या ती तारीख शाळांच्या सुट्टीतली होती! आमच्या रस्त्यावर सकाळची सगळी कोंडी शाळेच्या बस आणि सोडायला येणाऱ्या गाड्यांची, आणि मोजणी केली सुट्टीत. हे कुणी मुद्दाम केलं का नुसतं सोयीने झालं माहीत नाही, पण एवढं एक वाक्य लिहिलं आणि नवीन मोजणी करायला लागली. पण त्या हेही म्हणाल्या की 'अपार्टमेंट म्हणजे गाड्याच गाड्या' असं सरसकट लिहू नका, कारण मोजणीच्या आकड्यांत एका फ्लॅटमागे गाडीच्या फेऱ्या स्वतंत्र घरापेक्षा कमीच येतात. प्रश्न एकूण किती घरं वाढणार याचा आहे, आणि ती सगळी एकाच फाटकातून बाहेर पडणार का याचा. हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सावलीचं पण तसंच. प्रस्तावात सावलीचं एकच चित्र होतं, मार्चमधलं, दुपारी बाराचं. दुपारी बाराला कुणाची सावली पडते हो? मॅडमनी कागदावर काढून दाखवलं, सूर्य ३० अंशावर असला की २० मीटरच्या इमारतीची सावली साधारण ३५ मीटर जाते, ४५ अंशावर असला की उंचीएवढी. मग म्हणाल्या हा काही नवा हट्ट नाही, न्यूयॉर्कमध्ये १९१५ ला ३८ मजली इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली, तिच्या सावलीवरून ओरड झाली आणि १९१६ ला शहराने झोनिंगचा नियम केला, आणि जपानमध्ये १९७६ पासून बांधकामाच्या कायद्यातच सावली मोजायची तरतूद आहे, वर्षातल्या सगळ्यात छोट्या दिवशी सकाळी आठ ते दुपारी चार शेजारच्या जागेत किती तास सावली पडते ते धरायचं. म्हणजे आमची मागणी 'ऊन द्या' अशी नाही, तर 'डिसेंबरचं सकाळ-संध्याकाळचं चित्र द्या' अशी झाली. फरक कळतोय ना.

आणि पाणी. हे मला सगळ्यात आवडलं. आमच्याकडे पावसात रस्ता तुंबतो हे जगजाहीर आहे पण ते सिद्ध कसं करणार? मॅडमनी ग्रुपवर मेसेज टाकला, पावसाचे जुने व्हिडिओ पाठवा. शेजारच्या काकूंच्या मोबाईलवर एक सापडला, त्यांच्या दारातल्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलेलं आणि मागे त्यांचा आवाज, 'अरे चपला उचला, चपला'. मॅडम टेप घेऊन गेल्या, पायऱ्या मोजल्या, प्रत्येकी १५ सेंटीमीटर, म्हणजे ४५ सेंटीमीटर पाणी, अमुक तारखेला, अमुक वाजता, चपलांसकट. शिवाय साधं गणित लिहिलं, माती आणि गवतावर पडलेला बराचसा पाऊस मुरतो, छपरावर आणि काँक्रीटवर पडलेला जवळजवळ सगळाच वाहून नाल्यात येतो, आणि आत्ता तुंबते ती लाईन तीच राहणार. यावर समोरच्या आर्किटेक्टकडे उत्तर नव्हतं.

आता वाईट बाजू. एक म्हणजे ड्राफ्ट मिळाला शेवटच्या दिवसाच्या आदल्या रात्री साडेअकराला. पोर्टलला मोठी फाईल चालत नाही, सावलीचे फोटो टाकले की अपलोड अडकायचं, शेवटी रात्री दोनला फोटो बारीक करून तीन तुकड्यांत चढवलं, आणि त्यात एका तुकड्यावर माझ्याऐवजी भलत्याच घराचा नंबर गेला. मॅडमना फोन केला तर बंद. दुसरं, साईट व्हिजिट त्यांनी कोरड्या दिवशी भर दुपारी केली, व्हिडिओ सापडला नसता तर पाण्याचा मुद्दा गेलाच होता.

आणि तिसरं ते क्रेनचं. जाहिरात अशी की जणू हे लोक झोन बदल थांबवून देतात, आमच्यातल्या निम्म्यांनी वर्गणी त्याच भरवशावर दिली. मॅडमनी पहिल्याच दिवशी खरं सांगितलं, थांबणार नाही, अटी मिळतील. कोर्टाचा विषय निघाला तेव्हा अमेरिकेतल्या मिनियापोलिसची गोष्ट सांगितली, तिथे २०१८ मध्ये शहराने एका प्लॉटवर तीन घरांपर्यंत परवानगी देणारा आराखडा मंजूर केला, विरोधकांनी पर्यावरणाच्या मुद्द्यावर कोर्टात जाऊन तो अडवला सुद्धा, आणि २०२४ ला राज्याच्या विधिमंडळाने कायदाच बदलून टाकला. एवढी वर्षं गेली आणि फिरून तिथेच. माणूस प्रामाणिक आणि वेबसाईट थापाडी, असं कसं चालेल? ज्यांनी थांबवायला पैसे दिले ते आजही चिडलेले आहेत आणि मला त्यांचं चूक वाटत नाही.

त्यांनी सुचवलेली एक गोष्ट मात्र आमच्याकडे चालली नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये म्हणे १९९८ ला शहराच्या आतल्या भागात प्लॉटच्या आकाराची किमान मर्यादा १४०० चौरस फुटांपर्यंत खाली आणली, पण एखाद्या गल्लीतल्या रहिवाशांनी मिळून अर्ज केला तर त्यांना आपल्यापुरती जुनी मर्यादा ठेवता येते. आम्ही तशीच गल्लीपुरती सूट मागितली, तर आमच्याकडे अशी तरतूद नाही म्हणून पहिल्या मिनिटात उडवली. ठीक आहे, विचारायला काय जातं.

सुनावणी म्हणजे प्रत्येकाला तीन मिनिटं. मॅडमनी आदल्या आठवड्यात सगळ्यांना घड्याळ लावून बोलायला लावलं होतं आणि मुद्दे वाटून दिले होते, त्यामुळे आमच्या सातही जणांनी वेगवेगळं बोललं. आमच्या आधीच्या गटात नऊ जण एकच वाक्य बोलले, चौथ्यापासून समोरचे अधिकारी मोबाईल बघायला लागले. सभागृहात नजर फिरवली तर सगळे पन्नाशीच्या पुढचे, सगळे घरमालक. ज्यांना ती नवी घरं लागणार आहेत त्यातलं तिथे कोणीच नव्हतं, असतील कसे, कामाच्या दिवशी दुपारी तीनची वेळ. हे लिहायला जरा अवघड वाटतंय पण दिसलं ते दिसलं.

निकाल असा की झोन बदलला. सहाऐवजी आतल्या गल्लीच्या बाजूला चार मजले, मोठ्या रस्त्याच्या बाजूला सहाच, दोन फाटकं, आणि नवीन पावसाळी लाईन टाकल्याशिवाय कुणाला राहायला जाता येणार नाही अशी लेखी अट. जे काका उठून गेले होते ते म्हणतात आपण हरलो. शेजारच्या काकू म्हणतात माझ्या पायऱ्या जिंकल्या. सुटलेली एकच गोष्ट, मागच्या बाजूची दोन जुनी झाडं, ती आमच्या एकतीसात पण नव्हती आणि मॅडमच्या सातात पण नव्हती, बुंध्यावर पिवळा नंबर रंगवला तेव्हा सगळ्यांना आठवली.

घ्यायची असेल ही सेवा तर नोटीस लागल्या लागल्या घ्या, ड्राफ्ट पाच दिवस आधी हवा असं लिहून घ्या, आणि व्हिजिट पावसात करायला लावा, नाहीच जमलं तर पावसाचे व्हिडिओ आधीच जमवून ठेवा. फाईल वाचून घ्यायला एक नंबर. थांबवायला नको.

परवा कोपऱ्यावर पाईप उतरवले. मी टेप घेऊन गेलो, अटीत ६०० मिलिमीटर लिहिलंय, आतून मोजला तर ६०० च भरला. मॅडमना फोटो पाठवला, त्यांचा नुसता अंगठा आला, तोही दुसऱ्या दिवशी.