बसलेला आवाज: इंजेक्शन की थायरॉप्लास्टी?

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आईचा आवाज गेला. फोनवर ‘हॅलो’ म्हणतानाच दम संपायचा, पाण्याच्या घोटाला ठसका लागायचा. स्वरतंतू हलवणाऱ्या नसेला इजा झाली होती. डावा तंतू जागचा हलेना.

इंजेक्शनमध्ये त्या लुळ्या तंतूत हायलुरॉनिक अ‍ॅसिडसारखा पदार्थ भरतात. तंतू फुगून मध्यभागी सरकतो, मग निरोगी तंतू त्याला टेकू शकतो. परिणाम काही महिनेच टिकतो. पण नस ६ ते १२ महिन्यांत आपणहून सावरू शकते, म्हणून सुरुवातीला मला हेच शहाणपणाचं वाटतं. ठसका लागत असेल तर नुसती वाट बघत बसू नये.

थायरॉप्लास्टी कायमची. जपानच्या इशिकी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या या शस्त्रक्रियेत मानेवर छेद घेऊन, कंठाच्या कूर्चेला खिडकी पाडून लुळ्या तंतूला मध्यभागी ढकलणारा सिलिकॉनचा तुकडा बसवतात. रुग्ण बहुधा जागाच असतो. सर्जन तुकडा सरकवत त्याला आकडे म्हणायला लावतात, आवाज भरेपर्यंत. वर्ष उलटूनही नस सावरली नाही, तर हीच वाट.

व्हॉइस थेरपी, म्हणजे आवाजाचे व्यायाम, दोन्हीकडे हवीच.

आईने इंजेक्शन घेतलं. काही दिवसांनी तिने स्वयंपाकघरातून हाक मारली आणि ती मला अंगणात ऐकू आली.