बुडालेली मालवाहू बोट: आधी ‘जनरल बटलर’ की थेट ‘ए. आर. नॉयस’?

बडोद्याहून उन्हाळ्यात मुलांकडे न्यू जर्सीला जाताना ओपन वॉटर कार्ड (स्कूबा डायव्हिंगचा पहिला परवाना) खिशात असेल, तर गाडीने पाच-सहा तासांवर लेक शॅम्प्लेन आहे. व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनजवळ त्याच्या तळाशी एकोणिसाव्या शतकातल्या लाकडी मालवाहू बोटी पडून आहेत. आपल्या समुद्रात असं लाकूड शिपवर्म हा किड्यासारखा जीव पोखरून खातो. गोड्या पाण्यात तो जगत नाही, म्हणून इथल्या बोटी टिकल्या.

‘जनरल बटलर’ ४० फुटांवर आहे. १८६२ साली बांधलेली ही बोट तळ्यात शिडावर चाले आणि कालव्यात शिरताना डोलकाठ्या उतरवे. ९ डिसेंबर १८७६ ला संगमरवराचे ठोकळे आणताना वादळात तिचं सुकाणू निकामी झालं. कप्तानाने जादा दांडा साखळीने बांधून ते चालवायचा प्रयत्न केला, तरी बोट धक्क्याबाहेरच्या बंधाऱ्यावर आदळली. माणसं बंधाऱ्यावर उड्या मारून वाचली.

‘नॉयस’ मात्र अस्सल पडाव, ना शीड ना इंजिन. १७ ऑक्टोबर १८८४ ला ओढून नेणाऱ्या टगच्या मागून सुटला आणि कोळशासकट बुडाला. तो उतारावर, ६० ते ८० फुटांवर आहे. ओपन वॉटरची मर्यादा ६० फुटांची, म्हणजे इथे त्यापुढचं अ‍ॅडव्हान्स्ड कार्ड हवंच.

खरा फरक हवेचा आणि थंडीचा. ११ लिटरचा सिलिंडर २०० बार दाबाला भरला, ७० बार राखीव ठेवले आणि पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल, तर बटलरवर साधारण ३२ मिनिटं मिळतात, नॉयसच्या खोल टोकाला जेमतेम २१. थंडीत श्वास वाढतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच. तिथले दाबाचे गेज पीएसआय या एककात असतात. ७० बार म्हणजे सुमारे १,००० पीएसआय.

ऑगस्टच्या शेवटी बटलर अनेकदा वरच्या कोमट थरात असते. नॉयसवर थर्मोक्लाइन (जिथे पाणी एकदम गार होतं तो थर) ओलांडावी लागते आणि पाणी १० अंशांखाली जाऊ शकतं. तिथे साधा रेग्युलेटर (श्वासाची हवा देणारं यंत्र) गोठून फ्री-फ्लो होऊ शकतो, म्हणजे हवा न थांबता वाहत राहते, कारण दाबातून सुटणारी हवा आणखी गार होते. थंड पाण्याचाच रेग्युलेटर भाड्याने घ्या, श्वास घेतानाच बीसीडी (हवेने फुगवायचं तरंगण्याचं जॅकेट) फुगवू नका. फ्री-फ्लो झालाच तर माउथपीस थोडं सैल धरून त्यातूनच श्वास घेत सोबत्यासह वर या. बटलरला ७ मिमीचा सूट, हूड, हातमोजे पुरतात. नॉयसला ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा सूट) बरा, पण तो आधी उथळ पाण्यात शिकून घ्या.

खाली उतरण्यासाठी अंगावर घ्यायच्या शिशाचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. गोडं पाणी हलकं, म्हणून त्याच सूटला २ किलोच्या आसपास शिसं कमी लागतं. पण गोव्यातल्या ३ मिमीवरून ७ मिमीवर गेलात की ते उलट बरंच वाढतं. सिलिंडर ५० बारवर आणून पृष्ठभागावरच तपासा: बीसीडी रिकामं, श्वास रोखलेला, पाणी डोळ्यांच्या रेषेत. बडोद्यातल्या लालबागच्या स्विमिंग पूलमधला जुना आकडा इथे निरुपयोगी आहे.

दोन्हीकडे आत शिरू नका. पाय खाली मारला की बारीक गाळ उठून दिसेनासं होतं; बेडकासारखी किक मारा. लाकडावर झेब्रा मसल्स या धारदार शिंपल्यांचे थर आहेत, हातमोजे फाटतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याने बटलरच घ्यावी. थंड पाण्यात चार-पाच डाइव्ह झाल्यावर नॉयस. दोन्हींसाठी राज्याच्या जलवारसा योजनेत नोंदणी लागते. पिवळ्या बोयाला (तरंगत्या खुणेला) बोट बांधून दोरीनेच उतरायचं. परतताना बीसीडीतलं पाणी काढून सामान पूर्ण वाळवा, नाहीतर मसल्सची पिल्लं दुसऱ्या तळ्यात जातील.