थर्मास की जेल पॅकची बॅग? प्रवासातलं ट्यूब फीड

ट्यूब फीड म्हणजे नळीवाटे पोटात द्यायचं पातळ अन्न, आणि प्रवासात ते गार कसं ठेवायचं हा प्रश्न असतो. फॉर्म्युल्याच्या, म्हणजे विकतच्या तयार फीडच्या पावडरला गारवा लागत नाही. एकेका फीडची मोजून कोरड्या डबीत घ्यायची, उकळून गार केलेलं पाणी वेगळं न्यायचं आणि ऐन वेळी कालवायची. न फोडलेल्या तयार बाटलीचंही तसंच. चिंता असते ती फोडलेल्या बाटलीची आणि घरी मिक्सरमधून काढून गाळलेल्या फीडची. घरचं फीड गारव्याबाहेर दोन तास, मे महिन्यात तासभरच. पुढे ते फेकून द्यायचं.

मोठ्या तोंडाचा स्टीलचा थर्मास सुटसुटीत असतो. आधी त्यात बर्फाचं पाणी भरून तो गार केला आणि फ्रिजमधलं फीड काठोकाठ भरलं, तर गारवा छान टिकतो. एकाच फीडपुरतं न्यायचं असेल तर खुशाल थर्मास घ्या.

चार फीड एकाच थर्मासात भरली की कटकट सुरू होते. दर वेळी झाकण उघडलं की गरम हवा आत जाते. नाचणी-तांदळाचं फीड गार झालं की आळतं, तळाशी बसतं आणि स्टीलमधून दिसत नाही. वरचं पातळ पहिल्या सिरिंजला जातं, तळाचं घट्ट शेवटी रायल्स ट्यूबमध्ये, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीत अडकतं. हेही हलवून, गाळून निभावता येईल. माझं मन उडालं ते झाकणातल्या रबरी रिंगमुळे. दूध-डाळीचा थर त्या खाचेत शिरतो आणि रेल्वेच्या किंवा ओपीडीच्या बेसिनवर तो निघत नाही. रिंग उचकटून ब्रश आणि साबणाने घासावी लागते, नाहीतर दुपारी झाकणाला आंबूस वास येतो. तोच थर पुढच्या फीडला लागणार.

गोठवलेले जेल पॅक घातलेल्या गारवा धरणाऱ्या बॅगेत फीडगणिक 250 मिलीची वेगळी बाटली ठेवता येते. ती एकदाच उघडायची, बाकीच्यांना हात लागत नाही. पॅक रात्रभर फ्रीझरमध्ये आडवे ठेवायचे. बाटल्याही आधी फ्रिजमध्ये पूर्ण गार झालेल्या हव्यात. कोमट फीड ठेवलं तर पॅकची बरीच ताकद त्यातच जाते. एक पॅक तळाला, दोन बाजूंना आणि एक वर हवाच, कारण गार हवा खाली उतरते. पॅक आणि बाटली यांच्यामध्ये पातळ नॅपकिन घालायचा. थेट टेकलं तर फीड कडेने गोठतं, आणि गोठलेला फॉर्म्युला वितळल्यावर फाटल्यासारखा रवाळ होतो. मोकळ्या जागेत कापड कोंबायचं. सुटा बर्फ नको, त्याचं पाणी झाकणांत शिरतं. एका पॅकऐवजी उकळून गार केलेल्या पाण्याची पाऊण भरलेली बाटली गोठवली, तर वितळल्यावर तेच पाणी नळी फ्लश करायला, म्हणजे आतून धुवायला चालतं.

द्यायच्या आधी बाटली दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून हलवायची. घट्ट वाटलं तर थोडं उकळून गार केलेलं पाणी घालून पुन्हा गाळायचं.

बॅग जड होते, हे मान्य. पॅक वाटेत पुन्हा गोठत नाहीत, हेही खरं. कोल्हापूरहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघून दुपारी परळच्या ओपीडीत बसायचं असेल, तर बॅगेवर सगळी भिस्त ठेवू नये. पॅक अर्धवट कडक आहे तोवर घरचं फीड द्यावं, तो पुरता लिबलिबीत झाला की उरलेल्या बाटल्या टाकून पावडरकडे वळावं. थर्मामीटर लावणारे लावतात. माझं काम पॅक दाबून भागतं.