परभणीच्या उन्हात व्हॉल्व्हचा हेडफोन अ‍ॅम्प: एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

ट्यूबचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा, हेडफोन अ‍ॅम्प घ्यायचा तर कुठला, याचं उत्तर अ‍ॅम्पच्या जाहिरातीत सापडत नाही. ते आपल्या हातातल्या हेडफोनमध्ये असतं, आणि मराठवाड्यात राहणाऱ्याला घरची वीजही बघावी लागते. मी दिवाळीच्या सुमारास डार्कव्हॉइस ३३६एसई घेतला. हिवाळा गेला, परभणीचा उन्हाळाही त्यानं काढला, आता पावसाळा लागलाय. अ‍ॅम्प मला मनापासून आवडला आहे, पण सगळ्यांनी घ्यावा असा तो नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी जुळणी अशी: हेडफोन सेनहायझर एचडी ६५०, ३०० ओहमचा, मागून उघडा. लॅपटॉपवरून यूएसबी डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारी डबी), डॅकमधून अ‍ॅम्प. ऐकणं मुख्यतः ख्याल: मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताई, कुमारजी, आणि आपल्या मराठवाड्याचे नाथराव नेरळकर. अधूनमधून संबळ-हलगी, जुनी भावगीतं. मी स्वतः गाणं शिकते, त्यामुळे तानपुरा रोज कानावर असतो आणि माझी सगळी पारख तिथूनच सुरू होते.

बाजारात तीन जाती आहेत. पहिली ओटीएल, म्हणजे ट्यूब आणि हेडफोन यांच्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेली; माझा ३३६एसई याच जातीचा. दुसरी ट्रान्सफॉर्मरवाली. तिसरी हायब्रिड, ज्यात पुढे एखादी छोटी ट्यूब असते आणि हेडफोन चालवण्याचं काम ट्रान्झिस्टर करतात. हायब्रिड लातूरला मावसभावाकडे आहे, तो मी भरपूर ऐकलाय. ट्रान्सफॉर्मरवाला पुण्यात एका परिचितांकडे निवांत ऐकायला मिळाला. तो सर्वांत सुंदर होता, कमी ओहमचे आणि जास्त ओहमचे दोन्ही हेडफोन सहज चालवत होता. पण चांगला आउटपुट ट्रान्सफॉर्मर स्वस्तात बनत नाही, आणि ती किंमत माझ्या आवाक्यात नव्हती. शिवाय काही अगदी स्वस्त अ‍ॅम्प मिळतात, ज्यांत ट्यूबच्या खाली नारिंगी एलईडी लावलेला असतो. ट्यूब दिसते, पण तिला मिळणारा व्होल्टेज इतका कमी असतो की तिच्याकडून खरं काम होतच नाही. त्या वाटेला कोणी जाऊ नये.

आता हेडफोनचा मुद्दा. ३३६एसईमध्ये दोनच ट्यूब आहेत. पुढे ६एसएन७, मागे ६०८० किंवा तिच्याच गुणांची मोठ्या काचेची ६एएस७जी. ही मागची ट्यूब मुळात गाण्यासाठी बनलेलीच नाही, पॉवर सप्लायचा व्होल्टेज स्थिर ठेवायला बनली. तिचा अंतर्गत रोध ट्यूबच्या मानानं फारच कमी, २८० ओहम, आणि अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर (आवाज वाढवण्याचं प्रमाण) फक्त २. कॅथोड फॉलोअर म्हणून (म्हणजे कॅथोडवरून सिग्नल बाहेर काढून) जोडली की २८० भागिले ३, म्हणजे साधारण ९३ ओहमचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे आउटपुटच्या बाजूचा अंतर्गत रोध, हाती येतो. या जातीचे अ‍ॅम्प शंभर ओहमच्या आसपास का असतात, ते यावरून कळतं.

शंभर ओहम म्हणजे काय ते हिशेबानं बघू. ३२ ओहमचा हेडफोन लावला तर १३२ पैकी ३२, म्हणजे जेमतेम पाव व्होल्टेज हेडफोनला मिळतो, बाकीचा अ‍ॅम्पच्या आतच जिरतो. त्यात ओटीएलच्या आउटपुटला कपॅसिटर असतो, तो कमी ओहमवर खालचे सूर आणखी कापतो. ३०० ओहमवर मात्र ४०० पैकी ३००, म्हणजे पाऊण व्होल्टेज पोचतो, आणि एचडी ६५०ला एवढा पुष्कळ झाला: १ व्होल्टवर तो १०३ डेसिबल आवाज देतो, म्हणजे साडेतीन मिलिवॅटसुद्धा लागत नाहीत. त्यामुळे जाहिरातीतले वॅट या हेडफोनसाठी बघूच नयेत. मावसभावाचा प्लेनार (सपाट पडद्याचा) हेडफोन ३०-४० ओहमच्या घरातला आहे. माझ्या अ‍ॅम्पवर तो दमला, आवाजाचं बटण चढवत नेलं तसा गोंगाट वाढत गेला. त्याच्या हायब्रिडवर तोच हेडफोन मोकळा वाजतो. दोन्ही अ‍ॅम्प चांगले, फक्त त्यांची माणसं वेगळी.

आता आवाज. एचडी ६५० नावाला ३०० ओहमचा असला तरी शंभर हर्ट्झच्या आसपास त्याचा इम्पिडन्स चढून ५००च्या घरात जातो. तिथे त्याला ६०० पैकी ५०० वाटा मिळतो. पाऊण वाट्याच्या तुलनेत हा फरक जवळपास १ डेसिबलचा होतो. म्हणजे त्या भागात आवाज आपोआप थोडा भरतो. ख्याल ऐकणाऱ्यासाठी हा भाग कुठला? पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास आणि तानपुऱ्याची खर्जाची तार ६९च्या आसपास. काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाईच्या तानपुऱ्याचा खर्ज ११६च्या जवळ. डग्ग्याची घुमारही याच परिसरातली. म्हणजे या जोडीची भर नेमकी खर्जाच्या तारेवर आणि डग्ग्यावर पडते. मन्सूरांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत तानपुरा बऱ्याचदा पुसट असतो, तो इथे गाण्याखाली अंथरलेला ऐकू येतो.

हे ट्यूबमुळे की नुसत्या इम्पिडन्समुळे, याची मला खरी उत्सुकता होती. म्हणून माझ्याकडच्या साध्या ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला दोन्ही बाजूंना १०० ओहमचा एकेक रेझिस्टर लावून केबल बनवून घेतली, मल्टिमीटरनं दोन्हीकडचा आवाज सारखा केला आणि तेच तुकडे ऐकले. खर्जाची भर बरीचशी तिकडेही आली. दोन पैशांच्या रेझिस्टरनं एवढं होतं, हे प्रत्येकानं अ‍ॅम्पवर हजारो रुपये घालण्याआधी स्वतः ऐकून बघावं. पण जे आलं नाही तेही स्पष्ट होतं. किशोरीताईंचा स्वर एका जागी लांबवर ठेवलेला असतो, तिथे ट्यूबवर त्या स्वराला कडा येत नाही, तो गोल राहतो. ट्रायोडची (माझ्या अ‍ॅम्पमधल्या दोन्ही ट्यूब याच प्रकारच्या) जी अशुद्धी असते ती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे त्याच स्वराची वरच्या सप्तकातली सावली. तिसरा हार्मोनिक म्हणजे त्याहून वरचा पंचम. तानपुऱ्याच्या जवारीतही हेच स्वर भरलेले असतात. म्हणून ही अशुद्धी आपल्या गाण्यात उपरी वाटत नाही, असं मला ऐकून ऐकून वाटू लागलं आहे.

हलगीला मात्र तो थोडा मऊ आहे. टिपरीचा पहिला फटका जसा चरचरीत यायला हवा तसा ट्रान्झिस्टरवर येतो, इथे त्याचं टोक किंचित बोथट होतं. संबळाचा मोठा भाग छान भरतो, छोट्याची कडकड कमी होते. ज्यांचं ऐकणं मुख्यतः तालवाद्यांचं, त्यांनी आधी हे ऐकून घ्यावं. आणि मोजमापाच्या दृष्टीनं बघाल तर याच्या निम्म्या किमतीचा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प जास्त स्वच्छ असतो. त्यात वाद नाही.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळीच. ६०८०च्या नुसत्या हीटरला (आतल्या तापणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्ट, अडीच अँपिअर लागतात, म्हणजे जवळपास १६ वॅट. ६एसएन७चे आणखी चार. गाणं चालू असो वा नसो, एवढी उष्णता खोलीत पडतच राहते, आणि प्लेटची वेगळी. मे महिन्यात बाहेर ४३-४४ अंश असताना टेबलाजवळ बसवत नाही. सासूबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "हे एवढं गरम कामून होयलंय? बंद कर आधी." काचेला चुकून हात लागला तर भाजतंच, म्हणून लहान मुलं असलेल्या घरात उंच आणि चारी बाजूंनी मोकळी जागा बघावी. कपाटाच्या कप्प्यात तो कधीच ठेवू नये.

कुठल्याही परीक्षणात न वाचलेली अडचण कूलरची निघाली. एचडी ६५० उघडा हेडफोन आहे, खोलीतला आवाज सरळ कानात येतो. कूलर चालू असताना तानपुरा ऐकायचा म्हणजे व्यर्थ. कूलर बंद केला तर अ‍ॅम्प खोली तापवतो. एप्रिल-मेमध्ये मी पहाटे साडेचार ते सहा ऐकलं, तेवढीच वेळ दोघांना सोसणारी होती. कूलरची ओल आणि आपल्याकडची धूळ मिळून ट्यूबच्या पिना लवकर काळ्या पडतात, हेही लक्षात ठेवा. एके दिवशी डावीकडचा आवाज मधेच यायचा, मधेच जायचा असं झालं, तेव्हा मी ट्यूब गेली असं समजून गावातल्या जुन्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे ती घेऊन गेले. त्यांनी पिना बघितल्या आणि म्हणाले, "ताई, व्हॉल्व्ह ठणठणीत आहे. पाय धुवा त्याचे." आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, एवढ्यावर काम झालं. सॉकेट बदलायची गरजच पडली नाही.

विजेवर जरा थांबते, कारण आपल्याकडे अ‍ॅम्पचं आयुष्य त्यावर आहे. ट्यूबच्या हीटरचा व्होल्टेज ६.३च्या दहा टक्के वर-खाली चालतो, त्याबाहेर तिचं वय घटतं. या अ‍ॅम्पचा हीटर ट्रान्सफॉर्मरवरून सरळ चालतो, म्हणजे भिंतीत जे येईल त्याच प्रमाणात आत जातं. आमच्याकडे संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की २००च्या खाली, मध्यरात्रीनंतर २५०च्या पुढे. दोन्ही टोकं हद्दीबाहेरची. साधा रिलेचा स्टॅबिलायझर लावला तर प्रत्येक खटक्याला हेडफोनमध्ये टक् असा आवाज येतो. सर्व्हो स्टॅबिलायझर हळू सरकतो, खटका नाही. मी तोच घेतला आणि तो अ‍ॅम्पच्याच बजेटमध्ये धरावा असं मी सांगेन. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तर ठीक, चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर सतत भणभण येते. लाइट गेली की हेडफोन लगेच कानावरून काढा आणि प्लग ओढून ठेवा, कारण परत येताना आउटपुटचा कपॅसिटर भरतो आणि दणका हेडफोनला बसतो. रोजच्या वापरातही आधी अ‍ॅम्प चालू करायचा, मिनिटभर थांबायचं, मगच हेडफोन जोडायचा.

मार्चपासून माझ्याकडे बारीक हमिंग सुरू झालं. व्हॉल्यूमच्या बटणाला बोट लावलं की कमी व्हायचं. बोटानं फरक पडतो तेव्हा अर्थिंगकडे बघायचं. मल्टिमीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये आठ-नऊ व्होल्ट, जिथे दोन-तीनच्या आत असायला हवेत. कारण पायाखालीच होतं. आपली काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात कोरडी होऊन भेगाळते. अर्थिंगच्या पट्टीभोवतीची मातीही तशीच सुकते आणि सुकलेल्या मातीतून वीज जात नाही. खड्ड्यात मीठ-कोळसा नव्यानं भरून घेतला आणि रोज बादलीभर पाणी घातलं, भांडी विसळलेलं चालतं. हमिंग जवळजवळ गेलं. मराठवाड्यात कोणाच्याही ट्यूब अ‍ॅम्पमध्ये उन्हाळ्यात हमिंग वाढलं तर ट्यूब बदलण्याआधी खड्ड्यात पाणी घाला.

ट्यूब बदलण्याच्या नादाबद्दल थोडंच. ६एसएन७ बदलली की फरक कळतो, ६०८० बदलली की मला तरी फारसा कळला नाही. सोबत आलेल्या ६एसएन७ऐवजी रशियन ६एन८एस लावली, तिच्यावर मधला भाग जास्त मोकळा आहे आणि टेबलाला धक्का लागला तर काच कानात टणकत नाही. ६एएस७जीऐवजी रशियन ६एन१३एस चालते. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं एकेकाळी आपल्याकडे ट्यूब बनवल्या, त्या अजून जुन्या दुकानांत आणि रेडिओवाल्यांकडे निघतात, पण बऱ्याचशा ईसीसी८३सारख्या नऊ पिनांच्या. त्या हायब्रिडवाल्यांनी शोधाव्यात, आणि तेही आपल्या अ‍ॅम्पला नेमकी कोणती चालते ते बघूनच. आठ पिनांच्या सॉकेटमध्ये त्या बसत नाहीत. एक जुनी ६०८० मी ऑनलाइन मागवली, ती तपासलेली म्हणून आली आणि एक बाजू मेलेली निघाली. तेव्हापासून परत घेण्याची हमी नसेल तिथून घेत नाही.

नवीन घेणाऱ्यानं अ‍ॅम्प पहिल्यांदा लावण्याआधी खालचा ११०/२२० चा खटका २२०वर आहे ना ते बघावं. आणि झाकण स्वतः उघडू नये; बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज काही काळ राहतो. काकांसारखा माणूस गावात असेल तर त्यांच्याकडेच न्यावं. आमच्याकडे ते अजून गांधी पार्कच्या बाजूला दुपारनंतर बसतात, आणि व्हॉल्व्हचं काम आलं की बाकीची कामं बाजूला ठेवतात.