निर्जळी आणि निराहार

ग्वाल्हेरात ज्येष्ठातलं ऊन, पारा 45 अंशांकडे, आणि आमच्या काकू निर्जला एकादशी धरतात. मी नुसती निराहार. त्यांच्या मते माझा उपास लेचापेचा!

शरीराचा हिशोब वेगळा. अन्न थांबलं की यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, साधारण दिवसभर पुरतं, मग चरबी जळते, पुढे स्नायू झिजतात. पाणी मिळत असेल तर माणूस कित्येक आठवडे तगतो. 1943 साली गांधीजींनी 21 दिवस काढले. पाण्याची अशी कोठी नाही. वजनाच्या 2 टक्के पाणी गेलं तरी डोकं जड होतं, लघवी गडद होते. मग रक्तदाब उतरतो, नाडी धावते, मूत्रपिंडं अडखळतात. अशा उन्हात तीन दिवसही अवघड.

यंदा दुपारी काकूंनी गुपचूप लिंबू सरबत घेतलं. "देवाला कळतं गं," म्हणाल्या.