कूनाबराब्रन आणि वॉरमबंगल उद्यान: एका रात्रीत उरकू नका

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधलं कूनाबराब्रन हे न्यूएल हायवेवरचं छोटं गाव. स्थानिक लोक नुसतं ‘कूना’ म्हणतात. बहुतेक गाड्या इथे पेट्रोल भरून, कॉफी घेऊन पुढे निघतात. जे थांबतात तेही अनेकदा एकच रात्र काढतात, आणि त्यात डोंगर तरी नीट होतो किंवा आकाश तरी. वॉरमबंगल राष्ट्रीय उद्यान दिवसाइतकंच रात्रीही बघायचं असतं. त्यामुळे कमीत कमी दोन मुक्काम हवेत, तेही अमावास्येच्या आगेमागे.

सिडनीहून अंतर सुमारे ४५० किलोमीटर आहे. थांबे धरून सहा तासांच्या वर लागतात. स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवीच, कारण गावापासून उद्यानापर्यंतच्या ३५ किलोमीटरसाठी बस नाही. रस्ता डांबरी आणि चांगला आहे, पण संध्याकाळी आणि पहाटे त्यावर कांगारू येतात. एक दिसला की मागे आणखी असणार हे धरून चालायचं. उडी मारताना तो गाडीच्या दिशेनेही वळतो, म्हणून स्टिअरिंग फिरवू नका. सरळ राहून ब्रेक दाबा. भाड्याच्या गाडीच्या करारात अंधारात प्राण्याला धडक बसल्यास भरपाईबद्दल काय लिहिलंय, ते आधी वाचून घ्या.

पेट्रोल, किराणा आणि पाणी गावातच घ्या. उद्यानात पेट्रोल पंप नाही. जेवणाच्या बाबतीत गाव कमी पडतं. कॅफे आणि बेकरी दुपारनंतर आवरतात, पबची स्वयंपाकघरंही लवकर बंद होतात. शाकाहाऱ्यांनी चिप्स आणि सॅलडच्या पलीकडे फारशी अपेक्षा ठेवू नये. डाळ-तांदूळ आणि छोटा कुकर सोबत ठेवणं सर्वांत सोपं. गावाच्या दक्षिणेला हायवेवरच्या माहिती केंद्रात डिप्रोटोडॉन या नामशेष महाकाय प्राण्याचा सांगाडा आहे. मुलं असतील तर तिथे अर्धा तास द्याच.

मुक्काम गावातल्या मोटेलात की उद्यानातल्या कॅम्प ब्लॅकमनमध्ये? तंबूची सवय असेल तर निःसंशय कॅम्प ब्लॅकमन. गरम पाण्याचे शॉवर आहेत, विजेच्या जागाही आहेत, आणि रात्री आकाश बघायला गाडी काढावी लागत नाही. जागा आधी ऑनलाइन बुक करावी लागते आणि शाळांच्या सुट्ट्यांत त्या लवकर संपतात. जंगलातली वाळकी लाकडं गोळा करायला बंदी आहे, सरपण विकतच आणायचं. ‘टोटल फायर बॅन’ जाहीर झाला तर तेही पेटवता येत नाही. हे नियम तिथे कोणी हलक्यात घेत नाही: जानेवारी २०१३ च्या वणव्यात उद्यानाचा बहुतेक भाग जळला, उद्यानातलं माहिती केंद्र गेलं आणि परिसरातली पन्नासहून अधिक घरं खाक झाली. काळे पडलेले बुंधे आणि त्यांवर फुटलेली नवी पालवी अजूनही दिसते.

मुख्य पायवाट ब्रेडनाइफ आणि ग्रँड हाय टॉप्सची: पिंचम कारपार्कपासून फेरी १४.५ किलोमीटरची, वेळ पाच ते सहा तास. ब्रेडनाइफ म्हणजे सुमारे ९० मीटर उंचीची, पातळ, उभी दगडी भिंत. जुन्या ज्वालामुखीच्या भेगेत शिरलेला लाव्हा तिथेच थिजला. आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि हा टणक ट्रॅकाइट खडक उरला. भिंतीवर चढायला बंदी आहे. वाट तिच्या पायथ्याशी लागून जाते आणि पुढे ग्रँड हाय टॉप्सवरून सगळे सुळके एका नजरेत येतात. त्या एका जागेसाठी सगळी पायपीट सार्थकी लागते.

सुरुवातीचा टप्पा स्पायरी क्रीकच्या काठाने जवळपास सपाट आहे आणि तोच फसवतो. लोक अकराला निघतात, गप्पा मारत रमतात, आणि खऱ्या पायऱ्या सुरू होतात तेव्हा ऊन डोक्यावर असतं आणि बाटली अर्धी झालेली असते. वाटेत पाण्याचा भरवसा नाही, ओढाही बरेचदा कोरडा. माणशी तीन लिटर पाणी घ्या आणि आठच्या आत निघा. सह्याद्रीत फिरणाऱ्याला ही वाट तांत्रिकदृष्ट्या सोपी आहे, कुठे हात लावून चढावं लागत नाही. पण वाटेत लिंबू-सरबतवाली मावशीही भेटणार नाही. उतरताना आल्या वाटेने न येता डॅग्डा गॅप, वेस्ट स्पायरी क्रीकमार्गे या. लांब पडतं, गुडघे वाचतात. डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, ही वाट टाळाच.

एवढं चालणं जमणार नसेल तर व्हाइटगम लुकआउट आहे: जाऊन-येऊन एक किलोमीटर, आणि मावळतीला सुळक्यांची काळी रांग समोर. आजी-आजोबांना घेऊन इथेच जा.

आता रात्र. २०१६ साली हे उद्यान ऑस्ट्रेलियातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे दिव्यांच्या उजेडापासून आकाश जपलेलं उद्यान, ठरलं. शेजारच्या सायडिंग स्प्रिंग वेधशाळेसाठी दोनशे किलोमीटरच्या परिघात बाहेरच्या दिव्यांबाबत मार्गदर्शक नियम आहेत. महाराष्ट्रातून आकाशगंगेचा धनू राशीकडचा मध्यभाग दक्षिणेला कलता दिसतो; इथे तो जवळजवळ थेट माथ्यावर येतो, जूनअखेरीस रात्री अकराच्या सुमारास, ऑगस्टच्या मध्यात आठलाच. वृश्चिक उलटा वाटतो. मॅगेलनचे मेघ (आपल्या आकाशगंगेशेजारच्या दोन छोट्या दीर्घिका) आपल्याकडून व्यवहारात दिसतच नाहीत, इथे ते नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपक्यांसारखे दिसतात. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा एक पांढरा झोत ती मेहनत घालवतो, म्हणून लाल दिव्याची हेडटॉर्च घ्या. तिथल्या हिवाळ्यात (जून ते ऑगस्ट) रात्री पारा शून्याखाली जातो. कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा आणि लेन्सवरचं दव पुसायला कापड जवळ असू द्या.

सायडिंग स्प्रिंगला मात्र दिवसाच जायचं. ३.९ मीटर व्यासाची अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बीण १९७४ पासून तिथे आहे, पण रात्री पाहुण्यांना प्रवेश नसतो. दुर्बिणीला डोळा लावायचा असेल तर गावाजवळ खासगी आकाशदर्शन कार्यक्रम होतात, तिथे नोंदणी करा. वेधशाळेच्या रस्त्यावर सूर्यमालेची प्रतिकृती आहे, १ ला ३ कोटी ८० लाख या प्रमाणात: दुर्बिणीचा घुमट सूर्य आणि ग्रहांचे फलक त्या-त्या अंतरावर. पृथ्वी घुमटापासून चार किलोमीटरवर, गुरू वीसच्या पुढे. फलक वळणांवर पटकन निसटतात, तेव्हा मुलांना जाताना एकेक ग्रह शोधायला लावा आणि फोटोंसाठी परतीच्या वाटेवर थांबा.